डोक्यावर आणलेली माती

लग्नानंतर श्रीपतीनं पहिल्यांदा रान दाखवायला नेलं तेव्हा सुमनबाईला हसू आलं.

तिचं माहेर तेरजवळचं. तेरणेच्या काठची काळीभोर जमीन ती लहानपणापासून बघत आलेली. ती जमीन काही तिच्या बापाची नव्हती. बाप दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचा, आई खुरपायला जायची आणि आईच्या मागं मागं हीसुद्धा. पण माती कशाला म्हणतात ते तिच्या हाताला ठाऊक होतं. पावसात त्या रानात पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगेत कोपरापर्यंत हात जायचा. आणि इथं कळंब तालुक्याच्या एका टोकाला, गावाबाहेरच्या चढावर, नवऱ्याचं रान म्हणजे नुसता तांबूस मुरूम. मधूनमधून चुनखडीचे पांढरे गोटे. बोरीची खुरटी झुडपं आणि तरवड.

"ह्यात काय पेरायचं वो? धोंडं?" ती म्हणाली.

श्रीपती रागावला नाही. तो तसा रागावणारा माणूसच नव्हता. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "माज्या बापानं ह्या गायरानापायी मार खाल्लाय. आमच्या लोकांनी इथं औत घातलं म्हणून गावानं पाणी तोडलं व्हतं. म्हातारा गेला, मग कुठं ही जमीन नावावर आली. जमीन मिळाली, पण माती न्हाय मिळाली. ती आपण आणू."

"कुठनं?"

त्यानं हनुवटीनंच खाली दाखवलं. उताराच्या पायथ्याशी पाझर तलाव होता. उन्हाळा चढला की तो आटायचा, आणि तळाचा काळा गाळ वाळून त्याचे जाड पापुद्रे सुटायचे. साऱ्या शिवारातून वाहून आलेली माती तिथं येऊन बसलेली असायची आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

दिवसभर दोघं दुसऱ्याच्या कामाला जात आणि ऊन कललं की टोपली घेऊन तलावात उतरत. सुमनबाईच्या डोक्यावर लुगड्याच्या फडक्याची चुंबळ, तिच्यावर गाळाचं टोपलं आणि पुढं तो चढ. वर पोचेपर्यंत मानेची शीर ताठ व्हायची. टोपलं ओतलं की मुरमावर एक काळा ठिपका पडायचा, तेवढाच. बायका तिला हसायच्या. "अगं सुमन, डोंगराला चटणी लावल्यावानी दिसतंय," म्हणायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची.

पहिल्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून एक लहानसा तुकडा काळा केला. पाऊस आला आणि दोन-चार जोराच्या सरींत ती सगळी माती ओढ्याला गेली. दोघं ओढ्याच्या काठावर उभी राहून गढूळ पाणी बघत होती. सुमनबाईला रडू फुटलं.

"चुकलं आपलं," श्रीपती म्हणाला. "कणगी न्हाय अन् आदी धान्य आणून वतलं. पयली ताल घालाय पायजे."

मग त्यांनी धोंडे वेचायला घेतले. रानातलेच धोंडे उताराला आडवे रचायचे, एकावर एक, मधल्या फटीत बारके दगड ठोकून. अशी एक ताल उभी राहिली की तिच्या वरच्या अंगाला गाळ टाकायचा. पाणी तालीशी येऊन थांबायचं, माती तिथंच बसायची. एका तालीला एक उन्हाळा, कधी दोन. पुढं शेजारच्या हनीफनं आपली बैलगाडी दिली. हनीफचं रान खालच्या बाजूला, ओढ्यालगत. त्याच्या रानातली खुरपणी सुमनबाईनं करून द्यायची आणि त्यानं गाडी द्यायची, असं ठरलं. पण बऱ्याचदा हनीफ खुरपणीचं विसरून जायचा आणि गाडी मात्र द्यायचा. "भाबी, बैलाला रिकामं बसून अंग धरतंय," म्हणायचा.

माती आली म्हणून लगेच ज्वारी आली असं झालं नाही. गाळ वाळला की दगडासारखा व्हायचा, त्यात बी गुदमरायचं. सुमनबाईनं सुरुवातीची काही वर्षं नुसता हुलगा आणि मूग पेरला. मुगाच्या शेंगा तोडून झाल्या की पाला रानातच गाडायचा. शेळ्यांच्या लेंड्या, चुलीची राख, तुरीचा झडलेला पाला, सगळं तिकडंच. शेजारपाजारचे लोक ज्वारी निघाल्यावर धसकटं पेटवून द्यायचे. श्रीपतीनं कधी काडी लावली नाही. "तिचं तिला खाऊ द्या," म्हणायचा. हळूहळू माती भुसभुशीत झाली. खुरपं मारलं की गांडूळ दिसायला लागलं. पहिलं गांडूळ दिसलं तेव्हा सुमनबाईनं आपल्या पोराला, राजपालला, हाक मारून दाखवलं होतं. राजपाल तेव्हा शाळेत जायला लागला होता, तोही सुट्टीत लहानसं घमेलं घेऊन गाळ वाहायचा. त्याच्या पाठची पौर्णिमा तालीवर बसून आईच्या अन् भावाच्या खेपा मोजत राहायची, कोण जास्त करतं म्हणून.

अशानं त्या चढावर एकाखाली एक पट्ट्या तयार झाल्या. सगळ्यात वरची पट्टी तुरीची, तिच्याखालची मुगा-उडदाची, मग ज्वारीच्या, आणि तळाला घरापुरती मिरची-वांगी. ज्वारी श्रीपतीच्या डोक्यावरून जायला लागली. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, खाली ओढ्याकाठच्या चांगल्या जमिनीत पेरलेलं वाळून गेलं, तेव्हाही सुमनबाईच्या वरच्या पट्टीतली तूर हिरवी राहिली होती. हनीफ येऊन तुरीच्या बुडाशी उकिडवा बसला. पाल्याचा थर बाजूला करून त्यानं बोटं मातीत घातली. ती ओली होती.

"भाबी," तो म्हणाला, "हे आता गायरान न्हाय राहिलं."

सुमनबाईला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं पुन्हा कधी वाटलं नसेल.

श्रीपती गेला तो उन्हाळ्याच्या तोंडाला, ताप येऊन, आठवडाभरात. त्याची राख त्यांनी नदीत सोडली नाही. राजपाल आणि सुमनबाईनं ती वरच्या पट्टीत नेऊन मातीत मिसळली. तसं त्यानंच सांगून ठेवलं होतं.

राजपालनं कळंबला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. हात चांगला होता, गिऱ्हाईक होतं. बायको-मुलींसह तो तिथंच राहायचा आणि रविवारी गावाकडं यायचा. सुमनबाई एकटीच रान बघायची. श्रीपतीनं घेतलेली बैलजोडी विकली, कारण वैरणकाडी कोण करणार? मग नांगरटीला ट्रॅक्टर सांगायचा. पण ट्रॅक्टर पट्ट्यांत शिरायचा नाही. शिरला तर वळायला जागा नसायची, तालीचे धोंडे ढासळायचे. ट्रॅक्टरवाले टाळाटाळ करायचे. त्यात तिचे गुडघे गेले. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीत उतरायचं तर बसूनच उतरावं लागायचं.

"कशापायी ह्या येवढ्या ताली घातल्या तुज्या बापानं," ती वैतागून राजपालला म्हणायची. "जीव नकोसा झालाय माजा."

राजपाल ते मनावर घ्यायचा. आईचं दुखणं त्याच्यानं बघवत नव्हतं. "कळंबला चल," म्हटलं की ती ऐकायची नाही. मग रान तरी तिच्या सोयीचं करावं, असं त्याच्या मनात बसलं.

त्या उन्हाळ्यात पौर्णिमाचं दुसरं बाळंतपण होतं. तिला परंड्याला दिलेली. दिवस भरायच्या आधीच त्रास सुरू झाला आणि सुमनबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन परंड्याला गेली. बाळ लहानखुरं, पौर्णिमाला अशक्तपणा. चार दिवसांसाठी गेलेली सुमनबाई महिनाभर राहिली.

मधेच एकदा राजपालचा फोन आला. मांडीवर बाळ रडत होतं, चुलीवर पाणी उकळत होतं.

"आई, रान सपाट करून घेऊ का? मशीन आलंय शिवारात. तुला चढ-उतर राहणार न्हाय. ट्रॅक्टर सरळ फिरंल."

"काय?"

"रान, रान. सपाट करू का?"

"कर बाबा, तुला बरं वाटंल तसं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तालीचे ढासळलेले धोंडे सारखे करून घेणार असेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. नंतर ती ते विसरूनही गेली.

परत आली तेव्हा फाट्यावर राजपाल मोटारसायकल घेऊन उभा होता. नवा शर्ट घातलेला, चेहरा खुललेला.

"आधी रानाकडं जाऊ," तो म्हणाला.

"आरं, घरी तर जाऊ दे. गाठोडं ठिवते."

"न्हाय, आधी रान."

गाडी चढ चढून वर आली आणि थांबली. सुमनबाई उतरली, पदर सारखा केला आणि समोर बघितलं. तिला वाटलं, गाडी चुकून दुसऱ्याच कुणाच्या जागेत थांबलीय. समोर एकसारखं, लांबरुंद, तांबूस मैदान होतं. कुस्त्यांचा फड भरवावा तसं. एकही ताल नव्हती. धोंड्यांचा ढीग एका कडेला लोटलेला.

"आपलं रान कुठंय?" तिनं विचारलं.

राजपाल मोठ्यानं हसला. "हेच की! वळखू येईना ना? बघ, कसं झालंय. आता ह्या टोकापासनं त्या टोकापतुर ट्रॅक्टर सुटला की थांबायचं काम न्हाय. तुला कुठं उतरायचं न्हाय, चढायचं न्हाय."

ती चार पावलं आत गेली. पायाखाली मुरूम कुरकुरला. ती वाकली, गुडघ्यावर हात ठेवून कशीबशी खाली बसली आणि एक मूठ उचलली. बोटांत बारीक खडे आले. बोटं पसरली तर सगळे खडे खाली सांडले, हाताला काहीच लागून राहिलं नाही.

"माती कुठाय, राजू?"

"असंल की खाली. मिसळली असंल. एक-दोनदा नांगर घातला, रोटा मारला की वर येतीय."

वरची पट्टी कुठं होती हे ती डोळ्यांनी शोधत होती. बोरीचं एक झुडूप होतं तिथं, ते खुणेला होतं. ते झुडूपही नव्हतं. श्रीपतीला जिथं मिसळलं होतं ती जागा आता ह्या मैदानात नेमकी कुठं, वर का खाली, हे तिला सांगता येईना.

राजपालच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरायला लागलं. "काय झालं, आई? चांगलं न्हाय वाटलं?"

सुमनबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मानेवर उन्हानं काळा पट्टा पडला होता. मशीनमागं उन्हात उभा राहिला असणार.

"पौर्णिमाचं बाळ बाळसं धरायलंय आता," ती म्हणाली. "चल. घरी चल."

दुसऱ्या दिवशी हनीफ आला. ओट्यावर बसला, चहा घेतला. शेवटी सुमनबाईनंच विचारलं.

"हनीफभाई, तुमी व्हता का तवा?"

"व्हतो, भाबी," तो म्हणाला. "म्या राजपालला म्हणलं, पोरा, वरची काळी माती आदी खरवडून एका कडंला ढीग घाल. खालचा मुरूम सारका करून घे, मग वरनं माती पसर. त्यालाबी पटलं. तसंच ठरलं व्हतं मशीनवाल्याशी. पयल्या दिशी तसंच केलंबी थोडं. पर मग बाजाराचा दिवस आला, राजपाल दुकानाला गेला. मशीनवाल्यानं फोन केला त्याला, म्हणला, मला उद्या दुसऱ्या शिवारात जायचंय, दोनदा उचलायला टाइम न्हाय, सरसकट लोटून टाकतो. राजपाल व्हय म्हणला. म्या पळत गेलो. तवर वरच्या पट्ट्या खाली लोटून झाल्या व्हत्या, कडंचा ढीगबी त्यातच गेला व्हता, अन् त्यांच्यावर मुरूम चालला व्हता."

सुमनबाई ऐकत राहिली. म्हणजे काळी माती आधी खाली गेली आणि तिच्यावर डोंगराचा मुरूम येऊन पडला. वरच्या अंगाला तर मुरूमच खणून काढलेला, तिथं आता नुसता खडक उघडा पडला असणार.

"राजपालला काय बोलू नका," हनीफ जाता जाता म्हणाला. "तुमच्यापायीच केलंय त्यानं."

"म्या काय बोलले का?" ती म्हणाली.

पाऊस वेळेवर आला. राजपालनं ट्रॅक्टर लावून सोयाबीन पेरलं. ट्रॅक्टर सरळ गेला, सरळ आला, कुठं अडला नाही. सोयाबीन उगवलंसुद्धा. चार पानांवर आलं आणि पिवळं पडायला लागलं. राजपालनं खताची गोणी आणून टाकली. आठ दिवस जरा हिरवटपणा आला, परत पिवळं. दुसरी गोणी टाकली. तीही तशीच गेली. मुरमात काही थांबतच नव्हतं, ना खत ना पाणी. दुपारी पाऊस पडला तर तिसऱ्या दिवशी रान भाजल्यासारखं कोरडं. आणि पाऊस जोराचा आला की ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी सरळ धावत सुटायचं. सपाट म्हटलं तरी थोडा उतार राहिलाच होता, आणि पाण्याला अडवायला आता एकही ताल नव्हती. खालच्या कडेला घळी पडल्या. त्या घळींतून मशीननं हलवलेला मोकळा भराव हनीफच्या रानात वाहून आला, त्याच्या उडदाच्या ओळी मुरमाखाली गेल्या. हनीफ एका शब्दानं बोलला नाही. खोऱ्यानं मुरूम ओढून काढताना तो सुमनबाईला दिसला तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोयाबीन काढायला मजूर लावण्याइतकंही निघालं नाही. तिनं एकटीनंच बसून बसून उपटलं. मुळं उचलून बघितली तर त्यांना एरवी असतात त्या गाठीच नव्हत्या, आणि ती खाली जायच्या ऐवजी आडवी पसरलेली, भिंतीला अडल्यासारखी.

रब्बीला राजपालनं ज्वारी पेरली. ती गुडघ्याएवढी झाली आणि पोटऱ्यात येण्याआधीच वाळली. जिथं बाप कणसाखाली उभा राहिला की दिसत नसे, तिथं उभं राहून राजपालला सगळं रान एका नजरेत दिसत होतं. त्या दिवसापासून त्याचं बोलणं कमी झालं. रविवारी यायचा, रानातून एक फेरी मारायचा, आणि आईच्या नजरेला नजर न देता जेवून निघून जायचा.

उन्हाळ्यात एके सकाळी तो टिकाव-खोरं घेऊन आला आणि रानाच्या खालच्या अंगाला खड्डा खणायला लागला. सुमनबाई काठी टेकत मागं गेली. तो खणतच राहिला. मुरूम, नुसता मुरूम. त्याच्या मांडीपर्यंत खड्डा गेला, मग कमरेपर्यंत. आणि मग टिकावाचा आवाज बदलला. मऊ लागला.

त्यानं वाकून हातानं उकरलं आणि मूठ भरून वर काढली. काळी होती. इतक्या उन्हातही दमट होती. तिच्यात तुरीच्या काटकीचा एक कुजका तुकडा होता आणि शंखाची फुटकी टवकी होती, तलावातल्या गाळात असायची तशी.

त्यानं ती मूठ आईच्या हातात दिली. सुमनबाईनं ती नाकाशी नेली. आणि वर्षभर जे तिनं कोणापुढं केलं नव्हतं ते झालं. ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. एखादं माणूस गेल्यावर बायका रडतात तशी, नाव घेऊन, आठवणी काढून. श्रीपतीचं नाव, प्रत्येक पट्टीचं नाव. राजपाल खड्ड्यात उभा होता. त्याचं डोकं तिच्या खांद्याशी आलं होतं.

"आई, मला शिव्या दे," तो म्हणाला. "येकदा तरी बोल मला. मार. पर अशी गप राहू नगं. वर्स झालं, म्या झोपलो न्हाय नीट."

"काय बोलू तुला?"

"म्याबी वाहिलाय की गाळ. मला कळत न्हवतं का? फोनवर त्यो इचारत व्हता तवा माज्यापुढं गिऱ्हाईक उभं व्हतं. म्या म्हणलं, लोट. येवढंच म्हणलं म्या, आई. लोट."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला काळी माती लागलेली होती, ती त्याच्या केसांना लागली. "म्याच तर रडत व्हते गुडघ्याच्या नावानं," ती म्हणाली. "अन् म्याबी फोनवर व्हय म्हणले. तू माजं ऐकलंस, बाबा. तुला कसं बोलू?"

पण माती तर दिसली होती. म्हणून राजपालनं पुन्हा एका मशीनवाल्याला आणून दाखवलं. हा माणूस शहाणा होता. त्यानं दोन-तीन जागी उकरून बघितलं आणि खरं ते सांगितलं. ती माती वेगळी काढायची तर सगळं रान परत उलथावं लागेल, आणि उलथताना मुरूम तिच्यात मिसळणारच. "आता ती तशीच्या तशी मिळायची न्हाय," तो म्हणाला. "सोन्याची अंगठी पिठात पडली तर चाळून काढता येती. पीठ वाळूत सांडलं तर काय चाळणार?"

गाळ परत आणायचा तर तलावात गाळ राहिला नव्हता. मधल्या काळात सगळ्यांनाच त्याची किंमत कळली होती. ट्रॅक्टर, टिप्पर लावून लोकांनी तो उपसून नेला होता आणि तळाला आता तिथंही मुरूमच लागला होता. सुमनबाई स्वतः जाऊन बघून आली. कुठल्याशा कोपऱ्यात, बाभळीच्या मुळांत, थोडासा गाळ अडकलेला होता. तो पदरात बांधून ती निघाली. अर्ध्या चढावर तिला बसावं लागलं. ऊन उतरेपर्यंत ती तिथंच बसून होती. हनीफनं बघितलं आणि त्यानं तिला हाताला धरून घरी आणलं.

"भाबी, आता हे वय न्हाय," तो म्हणाला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

त्या दिवाळीनंतर घरातली ज्वारी संपली. राजपालनं कळंबच्या बाजारातून ज्वारीचं कट्टं आणलं. सुमनबाईनं ते उघडलं, ओंजळ भरून ज्वारी सुपात घेतली आणि एक दाणा दातात धरला. चांगली होती, टपोरी होती. तिनं पीठ मळलं, भाकरी थापली, राजपालला वाढली. स्वतः मात्र त्या दिवशी नुसता भात खाल्ला. लग्नाच्या सुरुवातीची दहाएक वर्षं तिनं विकतचं किंवा मजुरीचं धान्य खाल्लं होतं. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. हे धान्य मात्र घशाखाली जाईना. राजपालनं ते बघितलं. तो अर्ध्या भाकरीवरून उठला.

थंडी सरल्यावर ती कळंबला गेली. राजपालनं आग्रह केला म्हणून नव्हे. सकाळी उठून दारात आलं की चढावरचं ते मैदान समोर दिसायचं, म्हणून. दुकानाच्या मागच्या खोलीत तिची खाट पडली. भाग्यश्री, तिची सून, मायेची होती. बसून राहू देईना आणि कामही करू देईना. नाती आजीला शाळेतल्या गोष्टी सांगायच्या. एका नातीनं कुंडीत गुलाब लावला होता, त्याला पाणी घाल म्हणाली. सुमनबाईनं कुंडीत बोट घालून बघितलं आणि पाणी घातलं. दुपारी तिला फार एकटं वाटायचं. कुणाला काय सांगणार? कुणी विचारलं तर ती म्हणायची, "पोराकडं आलेय, सुखात हाय." आणि ते खोटंही नव्हतं.

राजपाल रविवारी गावाकडं जायचा ते मात्र थांबलं नाही. तो काय करतो हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. घरी यायचा तेव्हा हातांना फोड आलेले असायचे.

गेल्या वर्षी श्रावणात तो म्हणाला, "आई, येकदा चल रानाकडं."

"नगं, बाबा."

"येकदाच."

ती गेली. रानाच्या वरच्या कडेला त्यानं एक ताल घातली होती. फार सरळ नव्हती, एका ठिकाणी पोट सुटलं होतं. तालीच्या वरच्या अंगाला हुलगा पेरलेला. विरळ उगवलेला, पानं बारीक, मधे मधे टकलं पडलेली. बाकी सगळं रान तसंच उघडं होतं.

सुमनबाई तालीवर बसली. हुलग्याचा एक वेल तिनं हातात धरून बघितला, उपटला नाही.

"शेंगा धरतील का?" राजपालनं विचारलं.

"धरल्या तरी काढू नगं. फुलावर आला की हितंच मोडून गाड."

"मग पुढच्या साली?"

"पुढच्या साली परत हुलगा. त्याच्या पुढच्या साली मूग."

"ज्वारी कदी यायची, आई?"

तिनं वेल हातातून सोडून दिला. श्रीपती असता तर त्यानं काहीतरी धीराचं सांगितलं असतं. तिला खोटं बोलवेना.

"तुज्या पोरींची पोरं खातील," ती म्हणाली. "म्या न्हाय खायची. तूबी खाशील का न्हाय, ठाव न्हाय मला."

राजपालनं मान हलवली. जरा वेळानं तो उठला आणि कडेच्या ढिगातून एक धोंडा उचलून आणला. तालीचं पोट सुटलं होतं तिथं तो बसवायला लागला. धोंडा बसेना, हलत होता.

"उलटा करून बसव," सुमनबाई म्हणाली.

त्यानं उलटा करून बसवला. मग ती तोंड फिरवून, काठी टेकत, गाडीकडं चालायला लागली. डोळ्यांतलं पाणी तिला त्याला दाखवायचं नव्हतं.